भाकरी आधी की वॉकिंग? सीआरपी वाढलेल्यांसाठी

आमच्या दाजींचं हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रोटीन, बारीक मोजमापाच्या टेस्टनं) 3.8 मिलिग्रॅम/लिटर आलं आणि घरात दोन पार्ट्या पडल्या, अक्का म्हणते भात कमी करून जोंधळ्यावर या, पोरगा म्हणतो पहाटे बेळगावच्या वॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारा. दाजी म्हणाले, "एकच काय ते सांग गा, दोन्ही जमणार नाही."

आधी आकडा बघू. सीआरपी लिव्हर तयार करतं, अंगात कुठं सूज धुमसत असली की वाढतं. हार्टच्या हिशोबानं 1 च्या खाली बरं, 3 च्या वर रिस्क जास्त, आणि 10 च्या वर गेलं तर आधी इन्फेक्शन शोधायचं. दाजींना टेस्टच्या आधी चार दिवस सर्दीताप होता, ते कुणाला सांगितलंच नाही! म्हटलं दोन आठवड्यांनी परत करा.

भाकरीतल्या फायबरचं काम आतड्यात चालतं. आपल्याला न पचलेलं मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी फॅटी ॲसिड तयार होतात, ती आतड्याचं अस्तर धड ठेवतात आणि सुजेचे सिग्नल दाबतात. डब्ल्यूएचओ दिवसाला निदान 25 ग्रॅम फायबर सांगतं. 100 ग्रॅम जोंधळ्याच्या पिठात 10 च्या आसपास मिळतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात 3 च्या आतबाहेर, मग दोन्ही वेळेला भात खाणाऱ्यानं हिशोब करावा की. भाकरीसोबत अख्ख्या मसुरीची आमटी, सीझनला खानापूरकडची रताळी, झालं. वेगळा वेळ काढायला नको हा मोठा फायदा. पण एकदम वाढवू नका, मी एका आठवड्यात सगळं बदललं आणि पोट ढोलासारखं, ऑफिसात बसवेना. हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या. आणि खरं सांगायचं तर नुसत्या फायबरनं सीआरपी उतरतं ते थोडंच, फायबर पावडरीच्या डब्यांवर तर माझा फार विश्वास नाही.

चालण्याचं गणित वेगळं. काम करणारा स्नायू इंटरल्यूकिन 6 नावाचं निरोप देणारं प्रोटीन सोडतो, एरवी सुजेसाठी बदनाम असलेलं हेच, पण व्यायामात थोड्या वेळापुरतं आलं की सूज शमवणारं इंटरल्यूकिन 10 वाढवतं. शिवाय पोटातली चरबी स्वतःच सूज वाढवणारी द्रव्यं सोडते, ती उतरली की सीआरपी जास्त खाली येतं. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं पुरे. अडचण आपल्याकडच्या पावसाची, जुलै-ऑगस्टात कोण जातंय बाहेर! आणि सवय नसताना राजहंसगड चढून दुसऱ्या दिवशी टेस्टला रक्त देऊ नका, आकडा उगाच वाढलेला दिसेल.

गुडघे गेलेत, वजन बेताचं आणि ताटात नुसता भात असेल तर मी भाकरीला मत देईन. दाजींचं पोट पुढं, दिवसभर शहापुरात दुकानाच्या गल्ल्यावर बसून, म्हणून त्यांना चालायलाच सांगितलं. अक्कानं मात्र न विचारता रात्रीचा भात बंद केलाय. परवा परत रक्त द्यायचंय, आता आकडा उतरला तर श्रेय कुणाचं यावर भांडण ठरलेलं.