लंडनहून डब्लिन की पॅरिस? भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी प्रवेश-नियमांची तुलना

पुण्याहून आई-बाबा मुलाकडे लंडनला येतात, दोन-तीन महिने राहतात आणि तिसऱ्या आठवड्यात घरात विषय निघतो: आलोच आहोत तर शेजारचा एखादा देश पाहून येऊ. डब्लिनला विमानाने सव्वा तास लागतो, पॅरिसला युरोस्टार रेल्वेने साधारण सव्वादोन तास. अंतराने दोन्ही जवळची आहेत. व्हिसाच्या हिशेबात मात्र एक शहर जवळचं आणि दुसरं लांबचं आहे, आणि कोणतं जवळचं ते प्रवासी कोण आहे यावर ठरतं. एकाच घरातल्या आईला जिथे उद्या जाता येतं, तिथे मुलाला दोन महिने थांबावं लागू शकतं.

आधी एक गैरसमज. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. फ्रान्सचा शेंगेन व्हिसा डब्लिनला चालत नाही आणि आयरिश व्हिसा पॅरिसला चालत नाही. ब्रिटन तर २०२० पासून संघातही नाही. म्हणजे लंडन, डब्लिन आणि पॅरिस ही तीन वेगळी दारं आहेत. त्यातल्या पहिल्या दोघांमध्ये भारतीयांसाठी एक छोटी खिडकी उघडी आहे, इतकंच.

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर आलेले पाहुणे

ती खिडकी म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना. भारतीय आणि चिनी नागरिकांनी आपापल्या देशातून अर्ज करून मिळवलेल्या अल्पमुदतीच्या व्हिजिटर व्हिसावर बीआयव्हीएस असा शेरा असतो. तो असेल तर आयर्लंडसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, बोटांचे ठसे यांतलं काहीही लागत नाही. अट एकच, पण ती कडक आहे: ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं आणि तिथलं इमिग्रेशन पार करायचं, मगच दुसऱ्या देशात जायचं.

चूक नेमकी इथेच होते. मुंबईहून दुबई किंवा दोहामार्गे थेट डब्लिनचं तिकीट स्वस्त मिळतं, म्हणून 'आधी डब्लिन, मग लंडन' असा बेत आखला जातो. ब्रिटिश व्हिसावर हे चालत नाही, आणि विमान कंपनी बहुधा मुंबईतच बोर्डिंग नाकारते. हीथ्रोवर उतरून तिथल्या तिथे डब्लिनचं विमान पकडायचं असेल, तरी नुसतं ट्रान्झिट करून भागत नाही. ब्रिटनमध्ये रीतसर प्रवेश झालेला हवा. भारतीय पासपोर्टवाले ई-गेटमधून न जाता अधिकाऱ्यासमोर जातात, तेव्हा पासपोर्टवर शिक्का पडतो. डब्लिनच्या काउंटरवर तो शिक्काच तुमचा पुरावा असतो, म्हणून तो नीट उमटलाय ना ते तिथेच पाहून घ्यावं.

आयर्लंडमध्ये जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण ब्रिटनमधली मुदत त्याआधी संपत असेल तर तिच्यापर्यंतच. ब्रिटनमधल्या सहा महिन्यांपैकी साडेपाच उलटले असतील, तर डब्लिनलाही पंधराच दिवस मिळतील. विमानतळावर अधिकारी परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय विचारू शकतात. मुलाचं एक पत्र आणि हॉटेलचं बुकिंग छापील घेऊन गेलेलं बरं, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो.

हाच खेळ उलटाही खेळता येतो. भारतातून आयरिश व्हिसा घेतला आणि त्यावर बीआयव्हीएस असेल, तर आधी डब्लिन आणि मग लंडन हा क्रम वैध ठरतो. आयरिश व्हिसाची फी एकदाच्या प्रवेशाला ६० युरो आणि अनेक प्रवेशांना १०० युरो आहे. दोन आठवड्यांत दोन्ही देश पाहून परतणाऱ्या जोडप्याला हा मार्ग सोयीचा. मुलाकडे पाच महिने राहणाऱ्यांना नाही, त्यांनी ब्रिटिश व्हिसाच घ्यावा.

आता याच पाहुण्यांसाठी पॅरिस. अडचण अशी की शेंगेनचा अर्ज माणूस जिथला कायदेशीर रहिवासी आहे तिथे करायचा असतो. लंडनमध्ये तुम्ही हजर असता, रहिवासी नसता. केवळ हजर असलेल्या माणसाचा अर्ज घ्यायला नियमात जागा आहे, पण इथूनच अर्ज का करताय याचं पटणारं कारण द्यावं लागतं, आणि 'आलोच होतो म्हणून' हे कारण पटत नाही. लंडनमधल्या फ्रेंच अर्ज केंद्राला ब्रिटनचा निवासी परवाना लागतो, तोही प्रवासातून परतल्यानंतर किमान तीन महिने चालणारा. म्हणून पॅरिस हा विमानात बसण्यापूर्वी, भारतातच घ्यायचा निर्णय आहे. लंडनला पोचल्यावर तो बहुतेकांच्या हातातून गेलेला असतो.

भारतातून दोन्ही व्हिसे घेताना

पासपोर्ट एकच असतो आणि तो एका वेळी एकाच कचेरीत राहू शकतो. आधी ब्रिटनचा व्हिसा करावा, मग शेंगेनचा. ब्रिटनच्या व्हिजिटर अर्जाला साधारणपणे तीन आठवडे धरतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला १५ दिवस लागतात, पण शंका निघाली तर ते ४५ पर्यंत जातात. दोन्ही मिळून अडीच-तीन महिने हातात ठेवावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्जाला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो तो अपॉइंटमेंट मिळण्यात.

शेंगेनची फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि सहाच्या आतल्यांना माफ आहे. केंद्राचा सेवाआकार वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फ्रान्सला खर्चाची सोय आकड्यात दाखवावी लागते: हॉटेलचं बुकिंग असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०. फ्रान्समधल्या नातेवाइकाकडे उतरणार असाल, तर त्याने तिथल्या नगरपालिकेतून यजमानपत्र काढायचं असतं. नुसतं ईमेलने आलेलं निमंत्रण त्याची जागा घेत नाही.

विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेनला लागू असणारा लागतो. इथे एक बारीक गोची आहे. 'शेंगेन' नावाने मिळणारी स्वस्त पॉलिसी ब्रिटन-आयर्लंड धरेलच असं नाही, आणि ब्रिटनपुरती घेतलेली पॉलिसी पॅरिसच्या अर्जाला चालत नाही. वयस्कर माणसांसाठी दोन तुकड्यांऐवजी सगळे देश आणि सगळ्या तारखा व्यापणारी एकच पॉलिसी घ्यावी, आणि आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

शेंगेन व्हिसा हातात आला की त्यावरच्या दोन ओळी लोक एकच समजतात. 'पासून-पर्यंत' या तारखा म्हणजे व्हिसा वापरायची खिडकी. 'मुक्कामाचे दिवस' म्हणजे त्या खिडकीत प्रत्यक्ष राहता येणारे दिवस. विमान चुकलं किंवा बेत एक-दोन दिवस सरकला तर अडू नये म्हणून खिडकी सहसा पंधरा दिवस जास्तीची देतात. मुक्कामाचे दिवस मात्र मागितले तेवढेच. शिवाय येण्याचा दिवस आणि जाण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. शुक्रवारी रात्री अकराला पोचलात तरी तो अख्खा दिवस खर्ची पडला.

प्रवेश एकदाचा की अनेकदाचा हेही मार्ग ठरवतो. मुंबई-लंडन-पॅरिस-लंडन-मुंबई या प्रवासात शेंगेनमध्ये एकदाच शिरायचं आहे, तेव्हा एकदाचा पुरतो. पॅरिसहून पुढे स्वित्झर्लंडला गेलात तरी पुरतो, कारण तेही शेंगेनच. पण मुंबईहून आधी पॅरिस, मग लंडन आणि परत पॅरिसहून विमान, असा बेत असेल तर दोन प्रवेश लागतात, आणि ते अर्जातच मागावे लागतात.

लंडनमध्ये नोकरी किंवा शिक्षण करणारा मुलगा

इथे पारडं फिरतं. स्किल्ड वर्कर, विद्यार्थी किंवा कायम वास्तव्याचा परवाना यांपैकी काहीही असलं तरी बीआयव्हीएस लागू होत नाही, कारण ती योजना फक्त अल्पमुदतीच्या पाहुण्यांची आहे. दहा वर्षं लंडनमध्ये कर भरणाऱ्याला डब्लिनसाठी स्वतंत्र आयरिश व्हिसा काढावा लागतो, आणि काल आलेली त्याची आई तशीच जाते. हे विचित्र वाटतं, पण नियम असाच आहे, आणि यातूनच कुटुंबांचे बेत ऐन विमानतळावर फसतात. तिकीट काढण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाचा परवाना वेगळा तपासावा. सगळ्यात अडचणीचा कागद ज्याचा, त्याच्यावर सहलीची तारीख ठरते.

आयरिश अर्ज ऑनलाइन भरायचा, शेवटी निघणारा सारांश छापून सही करायची आणि कागद जोडून द्यायचे: प्रवासाचं कारण सांगणारं पत्र, नोकरीचं पत्र, सहा महिन्यांचं बँकेचं विवरण, जुने पासपोर्ट. पासपोर्ट परतीनंतर सहा महिने वैध हवा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला आठ आठवड्यांपर्यंत धरून चालावं. पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लपवू नये. नकारापेक्षा लपवणं जास्त महागात पडतं.

म्हणून मुलाच्या बाजूने पाहिलं तर पॅरिस सरस. दोन्हीकडे अर्ज करायचाच आहे, आणि शेंगेनच्या एका व्हिसात २९ देश येतात. आयरिश व्हिसात एक. शिवाय शेंगेनचा वापर साठत जातो: दोन वर्षांत तीन व्हिसे घेऊन नीट वापरले की पुढचा वर्षभराचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. यातही पुण्यात राहणारे आई-बाबा पुढेच आहेत. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम केला: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा. लंडनमधून अर्ज करणाऱ्याला हा फायदा नाही.

मुलाने ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल तर त्याला दोन्हीकडे व्हिसा लागत नाही. आयर्लंडला तर कायद्याने पासपोर्टचीही सक्ती नाही, पण काही विमान कंपन्या तो मागतात. फ्रान्ससाठी पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा आणि १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा त्यालाही आहे. एटियास ही २० युरोंची ऑनलाइन परवानगी २०२६ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू होणार असं युरोपीय संघाने जाहीर केलं आहे. बायकोचा पासपोर्ट भारतीय असेल, तर नवऱ्याच्या ब्रिटिश पासपोर्टचा तिला शेंगेन अर्जात काही उपयोग नाही. युरोपीय नागरिकाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या सवलती आता ब्रिटनला लागू नाहीत.

सीमेवर प्रत्यक्षात काय होतं

उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे. तिथल्या बेलफास्टहून डब्लिनला रेल्वेने दोन तास लागतात आणि वाटेत ना फाटक, ना चौकी. त्यामुळे 'बेलफास्टला उतरू आणि रेल्वेने जाऊ, कोण विचारतंय' असा सल्ला मिळतो. पण तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे. आयरिश पोलीस रेल्वेत आणि बसमध्ये मधूनच कागद तपासतात, आणि व्हिसा नसलेल्याला परत पाठवलं जातं. त्याची नोंद मुलाच्या पुढच्या ब्रिटिश अर्जात उत्तर देण्याजोगा प्रश्न बनून येते. भाड्याच्या गाडीतून तर नकळतही चूक होते: आयर्लंडमधल्या कॅव्हन आणि क्लोन्स या गावांमधला रस्ता काही मैलांत अनेकदा सीमा ओलांडतो. आयरिश व्हिसा नसेल तर त्या भागात नकाशाने सुचवलेला जवळचा रस्ता घेऊ नये.

डब्लिनच्या विमानाला चेक-इन ऑनलाइन झालं तरी काही स्वस्त कंपन्या बिगर-युरोपीय प्रवाशांना काउंटरवर व्हिसा तपासून घ्यायला लावतात. ते न करता थेट गेटवर गेलेले मागे फिरवले जातात. परतताना मात्र डब्लिनहून लंडनला सहसा इमिग्रेशनची रांगच नसते, विमान देशांतर्गत असल्यासारखं वाटतं. पॅरिसहून तसं नाही: तिथल्या गार द्यू नॉर स्थानकात गाडीत बसण्यापूर्वीच ब्रिटिश अधिकारी पूर्ण चौकशी करतात. व्हिजिटर आई-बाबांना तिथे 'लंडनला आणखी किती दिवस, भारतात परत कधी' हे पुन्हा विचारलं जातं. म्हणून भारताचं परतीचं तिकीट पॅरिसच्या बॅगेतही हवं.

जाताना फ्रेंच तपासणी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी नोंदणी आली: शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो, आणि व्हिसा न लागणाऱ्यांचे चार बोटांचे ठसे (व्हिसावाल्यांचे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात), १२ वर्षांखालच्यांचे ठसे नाहीत. ती सर्वत्र लागू होण्याची ठरलेली तारीख १० एप्रिल २०२६. एकदा केलेली नोंद तीन वर्षं राहते, पण पहिल्या खेपेला वेळ जातो, आणि आई-बाबांची ही पहिलीच खेप असते. युरोस्टारचं दार गाडीच्या तीस मिनिटं आधी बंद होतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दीड तास आधी पोचावं आणि पासपोर्ट प्लॅस्टिकच्या कव्हरातून काढूनच रांगेत उभं राहावं.