गाडी घरी धुण्याचा मायक्रोफायबर संच : हातमोजा, जाळी, शॅम्पू आणि टॉवेल यांचे परीक्षण

गाडीच्या रंगाला धक्का न लावता ती घरच्या घरी धुता यावी यासाठी जो संच आता सर्वत्र विकला जातो, त्यात साधारणपणे चार वस्तू असतात : शेनिल मायक्रोफायबरचा हातमोजा, बादलीच्या तळाशी बसवायची प्लास्टिकची जाळी, पीएच सातच्या आसपास असलेला शॅम्पू आणि पाणी टिपणारा जाड टॉवेल. अनेक कंपन्या या वस्तू जवळपास एकाच स्वरूपात विकतात, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या नावाचे नसून त्या वस्तूंचे आहे. वापर झाला आहे तो पुण्यात, चहूबाजूंनी बांधकामे चालू असलेल्या भागात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गडद निळ्या हॅचबॅकवर. म्हणजे धुळीची कसोटी पुरेशी कठीण होती. माझा निर्वाळा असा की हातमोजा आणि जाळी या दोन वस्तू प्रत्येक गाडीमालकाने घ्याव्यात, टॉवेल निवडून घ्यावा, आणि शॅम्पूसाठी फार खर्च करू नये.

आजच्या गाड्यांवर रंगाच्या थरावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही सहसा कमी. गाडीची सगळी चमक याच थराची असते. बांधकामाच्या धुळीत वाळूतले क्वार्ट्झ असते, ज्याचा काठिण्यांक मोह्‌ज मापनश्रेणीवर 7 आहे. शिवाय आपल्याकडे क्रश सँड बेसॉल्ट फोडून तयार होते आणि तिचे कणही चांगलेच टणक असतात. क्लिअर कोट यांच्यापुढे फार मऊ पडतो. सोसायटीत रोज सकाळी एकच ओले फडके दहा-बारा गाड्यांवरून फिरते, तेव्हा पुसले जाण्याऐवजी हे कण रंगावर घासले जात असतात. रात्री मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर धरला की प्रकाशाच्या ठिपक्याभोवती बारीक रेषांची गोल वलये दिसतात. रेषा प्रत्यक्षात सगळ्या दिशांना असतात. त्यांतल्या ज्या प्रकाशाशी योग्य कोन करतात तेवढ्याच चमकतात, म्हणून वलयाचा भास होतो. हे चरे काढायचे तर पॉलिश करून क्लिअर कोटच थोडा कमी करावा लागतो, आणि ते गाडीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा परवडते. म्हणून चरा पडूच नये यासाठी केलेला खर्च मला रास्त वाटतो.

संचातली सर्वांत उपयुक्त वस्तू हातमोजा. त्याच्या पृष्ठभागावर शेवयांसारखे जाडसर, मऊ, लोंबते गोंडे असतात. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या अतिशय बारीक तंतूंपासून ते विणलेले असतात. स्पंजचा तळ सपाट असल्यामुळे वाळूचा कण त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये अडकतो आणि हाताच्या दाबाने ओढला जातो. हातमोज्यात तोच कण गोंड्यांच्या आत सरकतो. मात्र तो आत साठतो, नाहीसा होत नाही, ही गोष्ट विसरता कामा नये. म्हणूनच दर एक-दोन भागांनंतर, म्हणजे एक दार किंवा अर्धे बॉनेट झाल्यावर, हातमोजा साध्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीत खंगाळून मगच शॅम्पूच्या बादलीत बुडवायचा.

दुसऱ्या बादलीतल्या जाळीबद्दल पुष्कळांना शंका असते, आणि नुसते चित्र पाहिले तर ती रास्तही वाटते. परंतु हातमोजा जाळीवर दोन-तीनदा घासून वर काढला आणि पाणी निवळू दिले, की जाळीखाली करड्या रंगाचा गाळ बसलेला स्पष्ट दिसतो. ते पाणी हळूच ओतून तळाशी बोट फिरवले तर गाळ चिमटीत करकरतो. जाळी नसती तर हातमोजा पुन्हा बुडवताना हाच गाळ ढवळून वर आला असता. जाळी घेताना बादलीच्या तळाचा व्यास मोजून घ्यावा. बऱ्याच जाळ्या वीस लिटरच्या सरळ, रुंद बादलीसाठी बनवलेल्या असतात आणि खाली निमुळत्या होणाऱ्या घरगुती बादलीत तिरक्या अडकतात. चाकांसाठी या दोन्ही बादल्या आणि हा हातमोजा मुळीच वापरू नये. ब्रेकमधून झडणारी लोखंडाची पूड रंगाची वैरीण आहे. चाकांना जुने फडके आणि वेगळे डबडे पुरते.

संचासोबतच्या कागदावर एक गोष्ट पुरेशा ठळकपणे सांगितलेली नसते. हातमोजा गाडीला लागण्यापूर्वी जेवढी धूळ नुसत्या पाण्याने उतरेल तेवढी उतरवायला हवी. सगळ्या पद्धतीत सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. प्रेशर वॉशर असल्यास उत्तम, पण तोटी पत्र्यापासून फूटभर तरी लांब ठेवावी आणि जिथे रंग आधीच उडाला आहे तिथे झोत रोखू नये. ज्या सोसायट्यांत पाइप लावून गाडी धुण्यास बंदी आहे, तिथे बागेसाठीचा हातपंपाचा फवारा चांगले काम देतो. मात्र त्यात पूर्वी कधीही कीटकनाशक भरलेले नसावे. शॅम्पूचे पातळ पाणी फवारून चार-पाच मिनिटे थांबायचे, ते वाळण्याआधी साध्या पाण्याने वरून खाली धुवायचे आणि मगच हात लावायचा. पावसाळ्यात दारांखालच्या पट्ट्यावर चिखल वाळून बसतो, त्याला हे दोनदा करावे लागते, आणि हातमोजाही तिथे सर्वांत शेवटी न्यावा. पक्ष्यांची विष्ठा आणि सिमेंटची पूड यांना मात्र धुण्याच्या दिवसाची वाट पाहायला लावू नये. पहिली आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असल्यामुळे दोन्ही रंगात खोलवर डाग पाडतात, आणि सिमेंट तर दवात भिजून घट्टच बसते.

शॅम्पूविषयी थोडक्यात. फेस किती येतो यावरून त्याची परीक्षा करू नये. हात किती सहज घसरतो ते पाहावे, कारण चरे टाळण्यासाठी लागतो तो बुळबुळीतपणा. या कसोटीवर मध्यम किमतीचे शॅम्पूही उत्तीर्ण होतात. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त ओतल्याने काही मिळत नाही, उलट काचांवर ओघळांचे पट्टे राहतात. कपड्यांची पावडर मात्र गाडीला लावू नये. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, वॅक्सचे आवरण तिने निघून जाते आणि न विरघळलेले कण पुन्हा घासतातच. भांड्यांच्या द्रवसाबणाने एकदा धुतल्याने रंग जात नाही, पण वॅक्स त्यानेही उतरते.

टॉवेलबाबत माझे मत संमिश्र आहे. पीळ घातलेल्या फासांचा मोठा टॉवेल ओल्या छतावर पसरून दोन टोकांना धरून हलकेच ओढला की एका खेपेत बहुतेक पाणी टिपून घेतो. पत्र्यावर दाब द्यावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. संचातला टॉवेल मात्र बहुधा आखूड आणि विरळ असतो आणि सुरुवातीला धागे सोडतो. त्यापेक्षा तो वेगळा, जाडसर आणि निदान दोन फूट बाय तीन फुटांचा घ्यावा. आपल्याकडे टँकरचे आणि बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे गाडी उन्हात आपोआप वाळू दिली तर कॅल्शियमचे पांढरे ठिपके राहतात आणि काही काळाने ते नुसत्या धुण्याने निघत नाहीत. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून गाडी धुण्याची पद्धत पाण्याच्या दृष्टीने स्तुत्य आहे, पण त्यात क्षार नळाच्या पाण्याहूनही जास्त असतात. ते पहिल्या धुण्याला आणि चाकांना वापरावे, शेवटचे पाणी साधे घ्यावे. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते गाळून घेतल्यास शेवटच्या हातासाठी उत्तम.

तक्रारी तीन आहेत. हातमोजा आतपर्यंत वाळायला फार वेळ घेतो आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो, म्हणून तो उलटा करून टांगावा. मनगटाजवळची इलॅस्टिकची पट्टी सैल पडते आणि मग ओला, जड झालेला हातमोजा हातातून निसटतो. जमिनीवर पडलेला हातमोजा तसाच पुन्हा गाडीला लावू नये. दुसरा जवळ असणे हाच यावरचा उपाय आहे. तिसरी तक्रार संचात फुकट म्हणून येणाऱ्या स्पंजाची आणि ताठ केसांच्या ब्रशाची : स्पंज पायपुसण्यांसाठी आणि ब्रश टायरसाठी ठेवावा, रंगाजवळ दोन्ही नेऊ नयेत.

मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरल्यास तंतूंवर थर बसून त्यांची पाणी शोषण्याची ताकद जाते, आणि सुती कपड्यांबरोबर धुतल्यास त्यांचे धागे गोंड्यांत अडकतात. वेगळे, कोमट पाण्यात, थोड्या द्रवसाबणाने धुतलेले हातमोजे बरेच टिकतात. गोंडे चिकटून कडक झाले की तो हातमोजा चाकांकडे द्यावा आणि रंगासाठी नवा काढावा. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर चरे कमी दिसतात, पडतात मात्र तितकेच. तरी बजेट आखडते असेल तर टॉवेल आणि महाग शॅम्पू पुढे ढकलून आधी दोन हातमोजे आणि एक जाळी घ्यावी.