भिंत फोडली तरी पाइप आपटतातच! गंजका तुकडा दाखवून होणारी लूट

प्लंबरने पिशवीतून वीतभर पाइपचा तुकडा काढला. आतून लालभडक गंज, मधे जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. "ताई, तुमच्या भिंतीत हे असं झालंय. म्हणून गरम पाणी येत नाही, आणि म्हणूनच पाइप आपटतात." पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हा प्रयोग रंगला. काम ठरलं 38 हजारांचं: दोन्ही बाथरूमच्या टाइल्स फोडायच्या, सगळी लाइन नवी टाकायची.

त्या भिंतीत होता क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप. तो गंजत नाही, गंजायला त्यात लोखंडच नसतं. पिशवीतला तुकडा जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा, कुठल्यातरी जुन्या चाळीतून आणलेला. फोडाफोडीनंतर जिन्याखालच्या राड्यात या घरातले खरे पाइप पडले होते. आत बोट फिरवलं तर बोटाला थोडी पांढरी भुकटी लागली, बस. सीपीव्हीसीच्या घरात गंज निघालाच तर तो गिझरच्या तोंडाशी बसवलेल्या जीआय निपलमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या छोट्या जोडतुकड्यात निघतो, आणि ते बदलायला भिंत फोडावी लागत नाही.

काम झाल्यावर गरम पाणी मात्र खरंच सुधारलं, त्यामुळे संशय आला नाही. सुधारलं ते गिझरचे दोन कनेक्शन पाइप नवे बसले म्हणून. या पाइपला वरून स्टीलची जाळी आणि आत रबराची नळी असते. वर्षानुवर्षं गरम पाणी खाऊन ती नळी फुगते, आतल्या आत दबते. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो, धार मात्र करंगळीएवढी. नटातला वायसर सरकून भोकावर आला तरी तेच होतं. काही शे रुपयांचं काम.

हे घरच्या घरी तपासता येतं. एकाच नळाखाली 10 लिटरची बादली ठेवून आधी गार, मग गरम पाण्याने भरा आणि वेळ मोजा. गरम एकाच नळाला कमी असेल तर दोष त्या नळाचा: तोंडाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मिक्सर असेल तर कार्ट्रिज, म्हणजे दांड्याखालचा गार-गरम मिसळणारा भाग बघा. त्या गिझरवरच्या सगळ्या नळांना कमी असेल तर गिझरचा अँगल कॉक (गिझरला जाणारं पाणी बंद करायचा भिंतीवरचा कॉक), कनेक्शन पाइप आणि इनलेटचा, म्हणजे गिझरमध्ये पाणी शिरतं तिथला व्हॉल्व्ह, या क्रमाने बघत जा. खोलण्याआधी गिझरचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा सुरक्षा स्विच) बंद, पाणी निवू द्या, अँगल कॉक बंद, मग गरम नळ उघडून दाब सोडा. जुन्या फिरकीच्या नळाला आधी जोरात येऊन दहा-वीस सेकंदांनी धार बारीक होते, तिथे वायसर गरम होऊन फुगतो. दहा रुपयांचा मामला.

पाणी मधेच गरम, मधेच गार येत असेल तर गिझरचा अँगल कॉक बंद करून गरम नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबली पाहिजे. वाहतच राहिली तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. बहुतेक वेळा मिक्सर उघडा ठेवून पुढचा जेट किंवा हँडशॉवर बंद केलेला असतो. सोलर असलेल्या इमारतींत हे फार दिसतं: सोलरचं पाणी गच्चीवरून नुसत्या उतारावर येतं आणि गार लाइनीला मात्र प्रेशर पंप. जास्त दाबाचं गार पाणी गरमला मागे ढकलतं. यावर नवी लाइन टाकून काडीचाही उपयोग नाही; गार आणि गरमचा दाब सारखा करावा लागतो.

आता आवाज. त्या घरात तो गेला नाहीच. मग त्याच माणसाने "प्रेशर कमी पडतंय" म्हणून मोठा पंप विकला आणि ठोके दुप्पट झाले. होणारच. वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का पाइपला बसतो, आणि पाणी जितकं वेगात तितका धक्का मोठा. लोखंडी पाइपमध्ये सेकंदाला 1 मीटर वेगाचं पाणी झटक्यात थांबलं तर दाब साधारण 12 बारने उसळतो. सीपीव्हीसी किंचित फुगून त्यातला बराच गिळतो, पण उरतो तो भिंतीत धाडकन वाजायला पुरतो.

इथे गुन्हेगार होती वॉशिंग मशीन. तिचा आतला व्हॉल्व्ह डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बंद होतो. ओळखायचं असं: मशीनने पाणी घेणं थांबवलं की एकच ठोका. अशा वेळी मशीनचा कॉक थोडा थोडा आवळत आणा. मशीन भरायला मिनिटभर जास्त घेईल, ठोका विरेल. उघडा पाइप हलत असेल तर क्लॅम्प मारा. तरी राहिलंच तर अरेस्टर, म्हणजे पाण्याचा धक्का झेलणारी छोटी बंद नळी, पण तो मशीनच्या कॉकला लागूनच हवा. गच्चीवर बसवून त्याचे पैसे घेणारे महाभाग आहेत.

नळ अर्धा उघडल्यावर धडधड होत असेल तर नळातला फिरणारा दांडा (स्पिंडल) किंवा वायसर सैल आहे. गरम पाण्यानंतर बराच वेळ टिकटिक होत असेल तर पाइप लांबतोय: 5 मीटर सीपीव्हीसी 40 अंशांनी तापला की साधारण 12 मिलिमीटर वाढतो आणि क्लॅम्पला घासतो. नळ बंद असताना गिझर गुरगुरत असेल तर आत क्षार साचलेत. पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होऊन पाणी झटक्याने येत असेल तर त्याच्या टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबा, सायकलच्या ट्यूबची दाबतो तशी. हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय. टाकी बदला, पंप नको.

आणखी एक, हे जिवावरचं. तापताना गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो, तो "लीक" म्हणून कुणी डमी प्लग मारून बंद करत असेल तर हात धरा. 15 लिटर पाणी 25 वरून 65 अंशांवर गेलं की पाव लिटरभर फुगतं. खालून एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, अडवत असेल तर त्याला जायला तेवढी एकच वाट असते.

लाइन खरोखर बदलायचीच असेल तर काढलेला जुना पाइप समोर मागा आणि नव्यावरची छपाई वाचा: आयएस 15778 (सीपीव्हीसी पाइपचं भारतीय मानक), एसडीआर 11 (पाइपचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट, तो आकडा). गरम पाण्याला हाच घ्या, 13.5 पातळ असतो, स्वस्तही. पांढरा यूपीव्हीसी, म्हणजे गार पाण्याचा प्लास्टिक पाइप, गरम लाइनीला अजिबात नको, तो मऊ पडतो. त्या घरच्या बिलात प्रत्येक ओळीला एसडीआर 11 लिहिलं होतं. बाल्कनीत उरलेल्या दोन फुटी तुकड्यावर 13.5 छापलेलं निघालं.