सातारा-शिरवळ रोजचं अप-डाऊन: दीड वर्ष डिझेल गाडी चालवल्यानंतर

आधी पैशाचं सांगतो, कारण भेटेल तो पहिला तेच विचारतो. सातारा ते शिरवळ एमआयडीसी, घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत साठेक किमी, जाऊन-येऊन १२०, रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर महिन्याला तीन हजार किमीच्या आसपास रनिंग होतं. गाडी चार मीटरच्या आतली एसयूव्ही, दीड लिटर डिझेल, मॅन्युअल. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, सांगितला की अर्धी चर्चा त्याच्या फॅन लोकांत आणि न आवडणाऱ्यांत जाते आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

माझं नशीब म्हणा, कंपनीतल्या एका मित्राकडे हीच गाडी टर्बो पेट्रोलमध्ये आहे, तोही साताऱ्यातूनच येतो, शिफ्ट जुळली की आम्ही एकाच गाडीतून जातो, कधी त्याच्या कधी माझ्या. त्यामुळे तोच रस्ता, तोच घाट, तीच बॉडी आणि इंजिन तेवढं वेगळं, अशी तुलना मला आयती मिळाली. शोरूमच्या दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये यातलं काहीही कळत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

माझी डिझेल टाकी फुल टू टाकी फुल पद्धतीने लिटरला सरासरी साडेवीस किमी देते, मीटरवर बावीस-तेवीस दिसतं पण मीटरवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक गाडीचं मीटर मालकाला खूश ठेवतं. त्याची टर्बो पेट्रोल पंधरा. तो ८०-८५ ने शांतपणे चालवतो तेव्हा सतराच्या पुढे जाते, आणि उशीर झाला म्हणून ११० ला ताणली की तेराला येते, हे मी शेजारी बसून बघितलंय. टर्बो पेट्रोलचं हेच असतं, पाय जड झाला की लगेच बिल फाडते. डिझेलला पण फरक पडतो पण दीड-दोनचा, चारचा नाही. आमच्याकडे पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० च्या आसपास धरा. म्हणजे मला किमीला चार रुपये चाळीस पैसे आणि त्याला जवळपास सात. अडीच रुपयांचा फरक, गुणिले तीन हजार किमी, महिन्याला साडेसात हजार रुपये झाले.

आता उलटी बाजू. गाडी घेताना सेम व्हेरिएंटला डिझेलसाठी ऑन रोड साधारण एक लाख साठ हजार जास्त गेले. महाराष्ट्रात रोड टॅक्सच वेगळा आहे, दहा लाखाच्या आत पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३, दहा ते वीस लाखात १२ आणि १४, त्यामुळे एक्स शोरूमचा फरक बघून खूश होऊ नका, ऑन रोड कोटेशन दोन्हीचं शेजारी ठेवून बघा. एक साठ भागिले अडीच, म्हणजे साठ-पासष्ट हजार किमीनंतर पैसे वसूल. माझी गाडी आत्ता पन्नास हजाराच्या थोडी पुढे आहे, म्हणजे अजून मी फायद्यात आलेलोच नाही, येईन यंदा. ज्याचं रनिंग महिन्याला हजार किमी आहे त्याला हेच वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर लागतील, आणि साध्या नॉन टर्बो पेट्रोलशी तुलना केली, जी हायवेला सतरा-अठरा आरामात देते, तर गणित लाख किमीच्या पलीकडे जातं. लोक इथेच गंडतात, डिझेलची तुलना सोयीच्या पेट्रोलशी करतात.

जुन्या लोकांच्या डोक्यात अजून २०१२ बसलंय. तेव्हा लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, डोळे झाकून डिझेल घ्यायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारने मोकळे सोडले आणि तो फरक आटत गेला, आता तेरा-चौदा रुपयांवर आलाय. आता डिझेल परवडतं ते भावापेक्षा जास्त मायलेजमुळे. आमचे सासरे अजून म्हणतात "डिझेल म्हणजे निम्म्यात काम", मी वाद घालत नाही.

चालवायला कशी आहे यावर मी जास्त बोलणार, कारण रोज दोन-अडीच तास त्यातच बसायचंय. सकाळी पुण्याच्या दिशेने जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, पुढे उतार आणि ते एस वळण, तिथे इंजिनचा काही प्रश्न नाही, ब्रेक आणि अक्कल लागते. संध्याकाळी परत येताना मात्र घाट चढावा लागतो, ट्रकची रांग, त्यात एक ट्रक दुसऱ्याला गोगलगायीच्या स्पीडने ओव्हरटेक करत असतो. तिथे डिझेलची मजा कळते. तिसऱ्या गिअरला पंधराशे-सोळाशे आरपीएमवर गाडी नुसती ओढत राहते, फट दिसली की पाय दाबायचा, गिअर बदलायची गरज नाही. मित्राच्या पेट्रोलला ताकद कमी नाही, बीएचपी तर चार-पाच जास्तच आहे, पण ती वर फिरवावी लागते, दुसऱ्या गिअरला टाकून साडेतीन हजारावर न्यायची, आवाज करत जाते आणि घाटात मायलेजचं मीटर बघवत नाही. चार माणसं, एसी चालू, मागे सामान असेल तर हा फरक अजून वाढतो.

पण घाट संपून सुरूर, भुईंज, पाचवड असा सरळ रस्ता लागला की पेट्रोल छान वाटते, एवढी शांत की फोनवरचं माणूस विचारतं गाडीत आहेस का घरी. माझ्या डिझेलमध्ये ८० च्या वर गेल्यावर आवाज कमी होतो पण गेला असं म्हणता येणार नाही. पहाटे पहिल्या शिफ्टला जाताना थंडीत स्टार्ट केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं जो खडखडाट होतो त्याने पार्किंगच्या वरचे काका जागे होतात, एकदा बोलूनही दाखवलं त्यांनी. स्टार्टरच्या आधी डॅशबोर्डवरचा तो गुंडाळीसारखा (ग्लो प्लगचा) दिवा विझू द्यायचा, हिवाळ्यात एवढं पाळा. आणि क्लच. डिझेलचा क्लच जड आहे, हायवेला काही वाटत नाही पण पुण्यात गेलो आणि कात्रजपासून स्वारगेटपर्यंत ट्रॅफिकमध्ये अडकलो की डावा गुडघा बोलायला लागतो.

आता खरा मुद्दा, डीपीएफ. एप्रिल २०२० पासून बीएस६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले तेव्हापासून डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा हा फिल्टर असतो. काजळी साठत जाते, मग गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल वापरून फिल्टर सहाशे डिग्रीच्या आसपास तापवते आणि ती जाळून टाकते, याला रिजन म्हणतात. त्यासाठी गाडी गरम होऊन पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला लागते. मला रोज दोन वेळा तासभर हायवे मिळतो त्यामुळे हे सगळं आपोआप होतं, कधी झालं ते कळतही नाही, फक्त कधीतरी गेटवर थांबल्यावर आयडलिंग नेहमीपेक्षा वर दिसतं, गरम वास येतो आणि गाडी बंद केल्यावर फॅन फिरत राहतो. तसं दिसलं की मी लगेच बंद करत नाही, जमलं तर एक चक्कर मारून येतो.

तीच गाडी गेल्या मे महिन्यात मी ट्रेनिंगसाठी बाहेरगावी होतो तेव्हा बायकोने गावात वापरली. पोवई नाका, राजवाडा, क्लास, भाजी, सगळं दोन-तीन किमीचं. तीन आठवड्यात डीपीएफचा दिवा लागला. रिजन सुरू व्हायचं आणि मधेच गाडी बंद, परत सुरू परत बंद. तिने सर्व्हिस सेंटरला नेली तर तिथल्या माणसाने थेट फिल्टर क्लीनिंगचं मोठं एस्टिमेट हातात दिलं. मी फोनवर म्हटलं थांब, सही करू नको. मॅन्युअलमध्येच लिहिलंय आधी काय करायचं ते. दुसऱ्या दिवशी तिने भावाला बरोबर घेतलं, कराडच्या दिशेने उंब्रजपर्यंत चौथ्या गिअरला दोन हजाराच्या वर आरपीएम ठेवून नेली, परत यायच्या आत दिवा गेला. दिवा साधा पिवळा असेपर्यंत हे चालतं, लाल झाला किंवा गाडीची ताकद कमी झाली तर मात्र पळवू नका, मेकॅनिकच पाहिजे.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. अर्धवट रिजन वारंवार झालं की ते जास्तीचं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईलची लेव्हल वाढते. कमी होत नाही, वाढते. त्यामुळे डिपस्टिकवर मॅक्सच्या वर ऑईल दिसलं तर खूश होऊ नका, बदला. आणि ऑईल डीपीएफला चालणारं कमी राखेचंच टाका, कारण काजळी जळते पण ऑईलची राख फिल्टरमध्ये तशीच राहते.

म्हणून माझं मत असं झालंय की "रोज किती किमी" हा प्रश्न एकटा पुरत नाही. माझा मावसभाऊ कोथरूडहून हिंजवडीला जातो, जाऊन-येऊन चाळीसेक किमी, पण दिवसाचे अडीच तास जातात. वेळ माझ्याएवढाच, पण गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. त्याने मला विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, डिझेलच्या वाटेला जाऊ नको, त्यातल्या त्यात डावा पाय वाचवायचा तर ऑटोमॅटिक पेट्रोल घे. मी डिझेलवाला असून असं सांगतोय याचं त्याला नवल वाटलं.

डीईएफ, म्हणजे ते युरियाचं पाणी, माझ्या गाडीत लागतं, सगळ्या छोट्या डिझेलना लागतंच असं नाही, घेताना विचारा. साधारण दहा हजार किमीला एकदा भरतो, बादली आणून घरी भरली की स्वस्त पडतं. संपायच्या बरंच आधी गाडी ओरडायला लागते, दुर्लक्ष केलं तर शेवटी बंद केल्यावर परत स्टार्टच होत नाही, तेवढं लक्षात ठेवा. सर्व्हिसिंग पेट्रोलपेक्षा वर्षाला काही हजार जास्त, डिझेल फिल्टर वेळेवर बदलायचा आणि पावसाळ्यात गर्दीच्या पंपावरच भरायचं, पाणी इंजेक्टरपर्यंत गेलं की खर्च पाच आकडी.

पेट्रोलवाल्यांचं सध्याचं दुखणं ई२०, म्हणजे उसाबिसापासून बनणारं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी, त्यामुळे वीस टक्के मिसळल्यावर मायलेज थोडं पडणारच, ते सरकारही मान्य करतं, किती यावर भांडण आहे. आमच्याकडे बोलायची चोरी, निम्मं गाव उसावर जगतंय. मित्राची गाडी ई२० वालीच आहे, तिला इंजिनचा काही त्रास नाही.

सीएनजी का नाही घेतली? खरं सांगायचं तर किमीचा खर्च सीएनजीचा डिझेलपेक्षाही कमी येतो, किलोला पंचवीस किमी धरा आणि भाव डिझेलच्याच आसपास. पण शिफ्ट सुटल्यावर रांगेत अर्धा तास उभं राहायची माझी तयारी नव्हती आणि टाकीमुळे डिकीची जागा पण जाते. इलेक्ट्रिक या रनिंगला सगळ्यात स्वस्त पडली असती, पण आमच्या सोसायटीत पार्किंग फिक्स नाही, चार्जर लावणार कुठे. ज्याचं स्वतःचं घर आहे, अंगणात गाडी लागते, त्याने माझ्या १२० किमीला डिझेलच्या आधी इलेक्ट्रिकचा हिशोब करावा.

टोल दोघांना सारखाच. आनेवाडीचा टोलनाका रोज दोनदा लागतो, ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पास आला तो घेतला, दोनशे वेळा जाता येतं, आमच्यासारख्यांचा तो चार महिन्यातच संपतो पण तरी फायद्यात आहे.

रीसेलवरून घाबरवणारे खूप भेटतात, "दहा वर्षात भंगार" म्हणतात. तो दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला, साताऱ्यात डिझेल असो की पेट्रोल, पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन आहे आणि पुढे रिन्यू होतं. शिवाय दहा वर्षांत माझी गाडी तीन लाख किमीच्या पुढे गेलेली असेल, तेव्हा तिचे काय पैसे येणार आहेत ते मी धरलेलेच नाहीत.

राहिली एक्स्टेंडेड वॉरंटी. महिन्याला तीन हजार रनिंग असेल तर वॉरंटी वर्षांनी नाही, किमीने संपते, माझी तशी पुढच्या वर्षीच संपेल, म्हणून आत्ताच वाढवून घेतली. टर्बो, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप त्यात धरलेत का ते पॉलिसीच्या कागदावर बघा, आणि डीपीएफचं मुद्दाम लेखी विचारा, माझ्या पहिल्या कोटेशनमध्ये तो वगळलेला होता आणि काउंटरवरचा पोरगा तोंडी "सगळं कव्हर आहे सर" म्हणत होता.