वाघोलीतलं बोरचं पाणी आणि सॉफ्टनरचे नऊ महिने

जानेवारीत आम्ही घरी वॉटर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवला. आता ऑक्टोबर आहे. मधे टँकरचा उन्हाळा गेला, पूर्ण पावसाळा गेला, म्हणून आता सविस्तर लिहिते. घेण्याआधी मी असाच कुणाचा तरी अनुभव शोधत होते आणि सगळीकडे नुसत्या जाहिराती सापडत होत्या.

आमचं वाघोलीत छोटं रो-हाऊस आहे. पुणे शहरात खडकवासल्याचं मऊ पाणी, आमच्याकडे साडेतीनशे फुटांची बोर. माझं माहेर कोल्हापूर. पंचगंगेच्या पाण्यात वाढलेल्या बाईला इथे आल्यावर पहिल्या दिवशी कळलं की डोक्याला शांपूचा फेसच होत नाही. बादलीच्या आत पांढरी कड, नळाच्या तोंडाशी खपली, चहावर तवंग, तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली येणार. सासूबाई डाळीत चिमूटभर सोडा टाकायच्या. गिझरची कॉइल दीड वर्षात गेली. मेकॅनिकने ती बाहेर काढून माझ्या हातात दिली, तर तिच्यावर पाटीवरच्या पेन्सिलीसारखा थर बसला होता. नखाने खरवडला तर निघेना. त्या थराखाली कॉइल तापत राहते आणि पाणी तापत नाही. वाढीव लाइट बिल आम्ही दोन हिवाळे मुकाट्याने भरत होतो.

आपला दख्खनचा काळा खडक वरून घट्ट दिसतो, पण पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमात साठतं. मातीतून मुरताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. हेच क्षार साबणाशी जुळले की फेसाऐवजी चिकट साका होतो. सासूबाईंचे केस शिकेकाईने धुतले तरी राठ राहायचे, धाकटीच्या पोटऱ्यांवर थंडीत पांढऱ्या रेघा उठायच्या.

आधी मी स्वस्त उपाय केले. शॉवरला लावायचा फिल्टर घेतला, काही फरक नाही. एवढ्याशा नळकांड्यात एवढे क्षार अडकणं शक्यच नव्हतं, हे नंतर कळलं. मग एक विक्रेता टीडीएस मीटर घेऊन आला, आकडा दाखवला आणि मोठं यंत्र सुचवलं. इथे प्रत्येकाने थांबावं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, हा त्यातला एक भाग, आणि तो मीटरवर वेगळा दिसत नाही. त्यासाठी थेंबांचं किट मिळतं. दहा मिली पाणी घ्यायचं, आधी बफर नावाचं द्रावण, मग रंगाचं औषध टाकायचं. पाणी जड असेल तर कोकमाच्या सरबतासारखं लाल होतं. मग तिसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. लाल जाऊन जांभळं, आणि एका थेंबाला अचानक निळं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. आमच्या बोरला २७ थेंब लागले, म्हणजे ५४०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) २०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. म्हणजे आमचं पाणी जेमतेम चालवून घेण्यातलं.

शेवटी २५ लिटर रेझिनचा, हाताने फिरवायच्या व्हॉल्व्हचा सॉफ्टनर घेतला. फिटिंगसकट ३१ हजार. रेझिनचे मोहरीहूनही बारीक मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी फिरवून त्यांना पुन्हा तयार करायचं, त्याला रिजनरेशन म्हणतात.

पहिले पाच दिवस घरात सणच होता. फेस इतका की शांपू निम्म्यावर आला. अंग धुतल्यावर बुळबुळीत वाटतं, साबण राहिला की काय असं वाटून धाकटी पुन्हा पुन्हा पाणी घ्यायची. ती सवय व्हायला महिना गेला. पण आठव्या दिवशी बादलीला पुन्हा कड दिसली. फिटर सांगून गेला होता, दर दहा दिवसांनी मीठ फिरवा. आमचं पाणी न मोजता त्याने हे सांगितलं होतं. मी नळाचं पाणी तपासलं तर लाल. तेव्हा कागद घेऊन बसले. २५ लिटर रेझिन साधारण सव्वा किलो क्षार धरतं. फ्लश आणि बाग वगळून आम्हाला रोज ४०० लिटर लागतं, त्यात क्षार २१६ ग्रॅम. म्हणजे पाच दिवसांनी रिजनरेशन हवंच. मे महिन्यात बोर खोल गेली आणि टँकरही आला, तेव्हा ३१ थेंब भरले. तेव्हा पाचवा दिवस चुकवून चालत नव्हतं. आता पावसानंतर २१ थेंब आहेत आणि आठवडा निघतो. पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून दर रविवारी मी थेंब मोजते आणि तारीख, आकडा कॅलेंडरवर लिहिते.

प्रत्येक वेळी पावणेचार किलो मीठ, सुमारे पाऊण ते एक तास आणि दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं. महिन्याला खडेमिठाची पंचवीस किलोची एक गोणी. एकदा गोणी संपली म्हणून दुकानातलं बारीक आयोडीनयुक्त मीठ टाकलं, तर सॉफ्टनरच्या मिठाच्या टाकीच्या तळाशी त्याचा दगड झाला. खडेमिठातही माती येते, दोन महिन्यांनी टाकी धुताना तळाशी करडा गाळ निघतो. ज्यांना हे करायला वेळ नाही त्यांनी आपोआप चालणारा व्हॉल्व्ह घ्यावा, जास्त पैसे गेले तरी.

एका गोष्टीचा मला अजून राग आहे. रिजनरेशनचं खारट पाणी जाणारा पाइप फिटरने पावसाचं पाणी मुरवायच्या खड्ड्यात सोडला होता. तोच खड्डा आमच्या बोरशेजारी! पावणेचार किलो मीठ दर खेपेला आमच्याच पाण्यात उतरत होतं, शेजाऱ्यांच्याही. तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, त्याच संध्याकाळी प्लंबर बोलावून पाइप ड्रेनेजच्या चेंबरला नेला. तिथून पुढे ते मीठ नाहीसं होत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून फ्लश, गाडी आणि अंगण यांना जडच पाणी ठेवलंय. तुळशीलाही बोरचंच पाणी, कारण सोडियमने माती आवळते.

सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस कमी होत नाही. आमचा आधी ८९० होता, नंतर ९०० च्या आसपास. यंत्र बिघडलं असं समजू नका, क्षारांची अदलाबदल झाली एवढंच. पण त्याच कारणाने हे पाणी थेट पिऊ नये, विशेषतः घरात रक्तदाब असेल तर. आमच्या हिशेबाने लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात सिंकच्या नळाचं पाणी डाळीला घेतलं, तीन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी. त्यांना खूप आनंद झाला. मला नंतर उलगडलं की या पाण्यात सोड्याचाच अंश आहे, म्हणून डाळ विरघळली. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा आता डाळ-भाताला आरओचं पाणी. आरओ सोडियम बऱ्यापैकी काढतं, आणि आत मऊ पाणी जात असल्यामुळे त्याच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे आतल्या गाळणाऱ्या पडद्यावर, थर बसत नाही. आमचं आधीचं मेम्ब्रेन दहा महिन्यांत चोंदलं होतं.

गेल्या आठवड्यात गिझर उघडून घेतला. कॉइलवर नुसता धुरकट डाग, बोटाने पुसला तर गेला. सासूबाई आता केसांना आठवड्यातून एकदाच तेल लावतात, आणि धाकटीच्या पोटऱ्या या थंडीत कशा राहतात ते बघायचं आहे.

तुमच्या पाण्याला दहा-बाराच थेंब लागत असतील तर एवढा खर्च करू नका. गिझर वर्षातून एकदा लिंबूसत्त्वाने धुवून घ्या, डाळीला आरओचं पाणी वापरा. वीसच्या वर असेल तर घ्या, पण पाइप कुठे सोडतोय ते फिटरच्या शेजारी उभं राहून बघा.