दहा बाय बाराच्या खोलीत तानपुरा: तीन छोट्या स्पीकरांची तुलना

फ्लॅटमधल्या लहान खोलीत शास्त्रीय संगीत नीट ऐकायचं असेल, तर माझ्या मते तीन जोड्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात: हार्बेथ पी३ईएसआर, केईएफ एलएस५० मेटा आणि यामाहा एचएस५. तिन्ही स्टँडवर किंवा टेबलावर मावणाऱ्या, पण स्वभावाने तीन घराण्यांच्या.

छोटेच का, हे आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये ऐकून मी कमरेएवढे उंच स्पीकर घरी आणले. तिथे ते सुरेख वाजले होते. घरी विलंबित एकताल सुरू झाला, डग्ग्याची मींड खाली उतरली आणि लोखंडी कपाटाचं दार थरथरायला लागलं. घुमारा इतका फुगायचा की पुढची मात्रा त्याच्याखाली दबून जायची. आठ महिन्यांत ते विकले.

दोष खोलीच्या मापांचा होता. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्या हिशेबाने बारा फुटांची लांबी ४७ हर्ट्झला घुमते, दहा फुटांची रुंदी ५६ ला आणि साडेनऊ फुटांचं छत ५९ ला. लांबी-रुंदी मिळून आणखी एक घुमणं तयार होतं, ते ७३ हर्ट्झच्या आसपास. आता काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गाणाऱ्या गवयाचा तानपुरा घ्या. षड्ज १३९ हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची, सगळ्यात खालची तार ६९ ची. खोली जिथे घुमते, नेमकी तिथेच ती तार बसते. खोली दहा बाय दहाची असेल तर लांबी आणि रुंदी एकाच आकड्यावर येऊन परिस्थिती आणखी बिघडते. अशा खोलीत ३५-४० हर्ट्झपर्यंत जोरात उतरणारा स्पीकर आणणं म्हणजे या घुमण्याला खतपाणी घालणं. चर्चमधल्या ऑर्गनचे स्वर ऐकणाऱ्याला तेवढे खालचे स्वर लागतात. ख्याल, ठुमरी, सतार, सरोद ऐकणाऱ्याला लागत नाहीत.

या तिघांचे कागदावरचे आकडे पाहा. आवाजात तीन डेसिबल घसरण होईपर्यंत हार्बेथ ७५ हर्ट्झपर्यंत उतरतो, केईएफ ७९ पर्यंत, यामाहा ७४ पर्यंत. फरक नगण्य आहे, म्हणून बासच्या आकड्यावरून यांच्यात निवड करताच येणार नाही. मग खर्ज हरवतो का? हरवत नाही. खर्जाच्या तारेत मूळ स्वरापेक्षा वरचे उपस्वरच, म्हणजे त्याच तारेतून सोबत निघणारे उंच स्वर, कानाला अधिक ठळक लागतात, आणि त्यांवरून कान मूळ स्वर स्वतः जुळवून घेतो. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारी झणझणीत गुंज, नीट लागली असेल तर त्याच तारेतून स्वयंभू गंधार निघतो. तो पाचवा उपस्वर, म्हणजे काळी एकच्या तानपुऱ्यात सुमारे ३४६ हर्ट्झचा. या पट्ट्यात तिन्ही स्पीकर तयार आहेत, आणि माझी सगळी परीक्षा तिथेच असते. रात्री साडेदहाला, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात, गवयाने आ लावण्याआधीच्या नुसत्या तानपुऱ्यात तो गंधार तरंगताना ऐकू येतो का?

हार्बेथवर तो सगळ्यात सहज येतो. तारा एकमेकींत मिसळतात तरीही जोडीच्या दोन तारांमधला बारीकसा फरक कळतो, आणि जवारीची झिणझिण कानाला टोचत नाही. याला मागे बोगदा, म्हणजे खालचे स्वर वाढवायला पेटीला ठेवलेलं हवेचं भोक, नाही; पेटी पूर्ण बंद आहे. त्यामुळे खालचे स्वर अचानक न तुटता हळूहळू उतरत जातात आणि भिंतीपासून सात-आठ इंचांवर ठेवला तरी तो बिथरत नाही. माझ्यासारख्यांच्या घरात ही फार मोठी सोय आहे, कारण पलंग, कपाट आणि दार सांभाळून उरलेल्या जागेत स्पीकर भिंतीला चिकटूनच ठेवावा लागतो. गळा ही त्याची खरी ताकद. अमीर खाँसाहेबांची मंद्रातली आलापी त्यावर ऐकताना आवाज छातीतून येतोय हे जाणवतं.

त्यामागे इतिहासही आहे. सत्तरच्या दशकात बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावेल असा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर घडवला. अरुंद जागेत निवेदकाचा आवाज खरा वाटतो की नाही, हे त्यावर तपासायचं होतं. हार्बेथ १९७७ मध्ये सुरू केली ती बीबीसीतूनच बाहेर पडलेल्या डडली हारवुड यांनी, आणि पी३ईएसआर त्याच मापाचा आहे. केईएफचा संबंध तर आणखी थेट: त्या मूळ स्पीकरचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे पडदे, केईएफचेच होते, आणि २०१२ चा एलएस५० त्याच्याच प्रेरणेने निघाला. मेटा ही त्याची २०२० ची आवृत्ती. म्हणजे हे दोघे चुलतभाऊच.

केईएफमध्ये ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा ड्रायव्हर, मोठ्या ड्रायव्हरच्या अगदी मध्यभागी बसवलेला असतो. उंच आणि खालचे स्वर एकाच बिंदूतून निघतात, म्हणून तुम्ही गादीवर मांडी घालून बसा की खुर्चीवर, चित्र फारसं बदलत नाही. जुन्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणाऱ्या, ध्वनिमुद्रणांना याचा विशेष फायदा होतो. आपला मोठा ठेवा मोनोच आहे: तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या, आकाशवाणीची मुद्रणं. मोनो गाणं दोन स्पीकरांवर लावलं की गवई दोघांच्या बरोबर मध्ये बसलेला दिसला पाहिजे. केईएफवर तो अगदी रेखीव दिसतो. कुमारजी (कुमार गंधर्व) एखादा स्वर अचानक फेकून लगेच मागे घेतात, ती उसळी आणि त्यानंतरची शांतता केईएफइतकी स्पष्ट मला बाकी दोघांवर ऐकू आली नाही. मात्र तबकडीची खरखरही तो तितक्याच प्रामाणिकपणे समोर ठेवतो. आणि त्याचा बोगदा मागच्या बाजूला आहे, त्यामुळे भिंतीपासून निदान दीड फूट मोकळं हवं. तेवढी जागा नसेल तर सोबत मिळणारे फोमचे बोळे बोगद्यात घाला. डग्गा लगेच आवरता येतो.

या दोघांना ॲम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो. हार्बेथची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर निघणारा आवाज, ८३.५ डेसिबल, केईएफची ८५, म्हणजे दोघेही वॅट खाणारे. पण सहा-सात फुटांवरून ऐकायचं असेल तर चाळीस-पन्नास खरे वॅट पुरेसे आहेत. फक्त केईएफचा विजेला होणारा रोध काही ठिकाणी ३.५ ओहमपर्यंत खाली येतो, तेव्हा फुसका ॲम्प्लिफायर लावू नका.

यामाहा एचएस५ हा स्टुडिओचा मॉनिटर, म्हणजे मुद्रण तपासायचा स्पीकर. ॲम्प्लिफायर पेटीतच असतो, खालच्या स्वरांना ४५ वॅट आणि वरच्यांना २५. जोडीची किंमत तिघांत सगळ्यात कमी, त्यात वेगळ्या ॲम्प्लिफायरचा खर्चही वाचतो. पाठीमागे खोलीसाठी एक बटण आहे. त्याने ५०० हर्ट्झच्या खालचा भाग दोन किंवा चार डेसिबलने उतरवता येतो. लहान खोलीत ते निःसंकोच वापरा. सूर इतका उघडा ऐकू येतो की रियाझ करणाऱ्याला मी हाच सुचवीन: स्वतःचं मुद्रण यावर ऐकलं की कणसूर लपत नाही. पण दोन तास नुसतं ऐकायला बसलं की मला तो कोरडा वाटतो. किशोरीताई आमोणकरांच्या तार सप्तकातला आकार हार्बेथवर उजळतो, इथे त्याला किंचित धार येते. ट्वीटरचं बटण दोन डेसिबल खाली केलं की फरक पडतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. एचएस५ ला घरगुती यंत्रांच्या साध्या आरसीए वायरची जागा नाही, स्टुडिओतली एक्सएलआर किंवा जाड टीआरएस पिन लागते, तेव्हा वायर आधीच घेऊन ठेवा. शिवाय प्रत्येक पेटीला वेगळा विजेचा सॉकेट हवा. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसेल तर ॲम्प्लिफायर आत असलेल्या कुठल्याही स्पीकरमध्ये गुणगुण येऊ शकते. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी ते तपासून घ्या.

माझ्या खोलीत आज हार्बेथ आहे. तिघांत सगळ्यात महाग तोच, आणि त्यासाठी मी दोन वर्षं थांबलो. पण तुमच्याकडे स्पीकर भिंतीपासून पुढे ओढायला जागा असेल आणि गाण्याइतकंच सतार-सरोद किंवा पाश्चात्त्य तंतुवाद्यांची चौकडी ऐकत असाल, तर हार्बेथवर जास्तीचे पैसे घालू नका, केईएफ घ्या. विद्यार्थी असाल, टेबलाशी बसून तीन-चार फुटांवरून ऐकत असाल, तर एचएस५ घ्या आणि वाचलेल्या पैशांतून जाड सतरंजी आणि पडदे आणा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत एक टाळी वाजवून पाहा. टाळीमागे पत्र्यासारखी झणझण आली, तर तीच झणझण तानपुऱ्याच्या जवारीवरही बसणार आहे, स्पीकर कुठलाही असो.

दुकानात जाताना तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं एक गाणं सोबत न्या, ज्याच्या सुरुवातीला निदान अर्धा मिनिट नुसता तानपुरा आहे असं. आवाज कमी करायला सांगा, आणखी कमी, आणि गंधार शोधा.