लकेनबाखचं दुकान: गाण्यासाठी जातातच, पोस्टासाठी जा

टेक्सासमध्ये ऑस्टिनला पाहुणे आले की सगळे त्यांना फ्रेडरिक्सबर्गला नेतात. मी बाबांना त्याच्या थोडं आधीच वळवलं. हायवे २९० सोडून १३७६ नंबरच्या रस्त्याला दक्षिणेकडे लागलं, की सातेक किलोमीटरवर लकेनबाख. ओकची जुनी झाडं, एक लाकडी दुकान, डान्स हॉल, ओढा आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या. नगरपालिका नाही, मेयर नाही, कारभार गिलेस्पी काउंटीचा. लोकसंख्या ३ म्हणून गाव टेक्सासभर प्रसिद्ध.

बाबा राजापूर तालुक्यात ३१ वर्षं पोस्टात होते. दुकानावरची पाटी वाचून पायरीवरच थांबले. "अगं, हे तर पोस्ट!"

पोस्टच होतं. जर्मन वसाहतकऱ्यांच्या या वस्तीत १८५४ मध्ये टपाल सुरू झालं, तेव्हा नाव होतं साउथ ग्रेप क्रीक. ते बंद पडलं. १८८६ मध्ये एंगेल कुटुंबाने पुन्हा उघडलं आणि घरातल्या मिनाने त्याला आपल्या होणाऱ्या नवऱ्याचं, अल्बर्ट लकेनबाखचं आडनाव दिलं, असं इथे सांगतात. म्हणजे गावाला नाव मिळालं ते टपालामुळे! बाबांना हे इतकं आवडलं की मला दोनदा सांगायला लावलं.

१९७१ मध्ये पोस्ट कायमचं बंद झालं. त्याच सुमारास हाँडो क्राउच या अवलियाने दोन साथीदारांसह गाव विकत घेतलं, आणि १९७७ मध्ये कंट्री गायक वेलन जेनिंग्सच्या लकेनबाखवरच्या गाण्याने ते देशभर पोचलं. आजची गर्दी त्या गाण्याची.

आता दुकानात पुढे टोप्या, टी-शर्ट, पोस्टकार्डं; मागे बार. मी टी-शर्ट घेतला नाही, सगळीकडे मिळतात तसेच आहेत. खरी मजा बाहेर, झाडाखाली. गिटारवाले गोल करून बसतात, पाळीपाळीने गातात. एका म्हाताऱ्याने सरकून बाबांना बाकावर जागा दिली. भाषा कळत नसताना बाबा तासभर बसले. शनिवारी मोठे कार्यक्रम असतात. असं बसायचं असेल तर मधल्या वारी जा.

निघताना बाबांनी एक पोस्टकार्ड घेतलं, आपल्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या आणि पेटी कुठाय विचारलं. मग कार्ड टाकायला शेवटी फ्रेडरिक्सबर्गला गेलोच. सतरा दिवसांनी राजापुरातून फोन आला, पोचलं म्हणून.